उन्हातला नाताळ: तुमच्या घरच्या आठवणी लिहा

पानमळा
परवा लेकीने शाळेतून चित्र आणलं. उतरत्या छपराचं घर, छपरावर बर्फ, धुराडं आणि लोकरीत गुंडाळलेला सांताबाबा. मला विचारते, आई तू लहान होतीस तेव्हा वसईला बर्फ पडायचा का गं? मी नाही म्हटलं तर तिचा चेहराच उतरला, म्हणजे मग तुमचा नाताळ खोटा होता का, असा. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून हा धागा काढतेय.

आमच्या नाताळला भाताच्या पेंढ्याचा वास असायचा. कापणी, झोडणी आटपलेली, खळ्यात उडवी रचलेली, त्यातलाच ताजा पेंढा ओढून बाबा गव्हाणी करायचे. विकतचं काहीच नाही. बाजूच्या गोठ्यात खरी गाय, तिच्यापुढे तोच पेंढा, आणि मला लहानपणी अगदी पक्कं वाटायचं की बाळयेशू आमच्याच गोठ्यात जन्मला, आईने मला फक्त नीट सांगितलं नाही. झाड म्हणजे भुईगावच्या किनाऱ्यावरची सुरूची फांदी. ती डब्यात वाळू भरून उभी करायची आणि आजी औषधाच्या दुकानातला कापूस पिंजून पिंजून त्यावर ठेवायची. तोच बर्फ. दुपारचा खारा वारा आला की सगळा अंगणात, आणि आम्ही पोरं तो वेचत फिरायचो, त्यात कोंबडीचं पीस पण यायचं. आजी लाल लुगड्यात दारात बसून सांगायची, ते पण ठेवा, पांढरंच आहे ना.

तारा मात्र विकत आणलेला आम्हाला चालायचाच नाही. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, गव्हाच्या पिठाची खळ. एक वर्ष माझ्या धाकट्या काकांनी इतका मोठा केला की दारातून बाहेर निघेना, मग एक कोन सोडवला, बाहेर नेला, परत बांधला.

तुमच्याकडचं सांगा. वसईचंच पाहिजे असं नाही, जिथे थंडी नाही तिथला कुठलाही नाताळ चालेल.

गिरगावकर
आम्ही ख्रिस्ती नाही पण खोताच्या वाडीच्या तोंडाशी वाढलो, त्यामुळे नाताळ आमचाच. संध्याकाळी वडील हात धरून तारे बघायला न्यायचे, लाकडी जिने आणि बाहेर आलेल्या गॅलऱ्या, प्रत्येक गॅलरीत एक तारा. समोरच्या मावशी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळच्या ख्रिस्ती, त्यांचं ताट यायचं क्रोशाच्या रुमालाने झाकून. कुलकुलं, खजुराचे रोल, मिल्क क्रीम, थळी स्वीट. आई ते ताट कधी रिकामं परत पाठवायची नाही, काहीच नसलं तर निदान चमचाभर साखर. दिवाळीला आमचं ताट त्यांच्याकडे. ३० वर्षं ते एकच स्टीलचं ताट येत जात होतं, शेवटी नक्की कोणाचं ते दोन्ही घरात कोणाला सांगता येईना. आत्ता ते माझ्याकडे आहे.

आंबोळी
ताटाचं वाचून राहवलं नाही. आमच्या गोव्यात त्याला कोन्सुआद म्हणतात, नाताळात शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोडाचं ताट पाठवणं. नेवऱ्या, दोदोल, बोलिन्या, पेराची म्हणजे पेरूची पेराद, बिबिक असेल तर सगळे खूश. माझी आत्या दोदोल करायची. माडाचा काळा गूळ, तांदळाचं पीठ, नारळाचा रस, आणि ढवळणं. मी सांगते ना, ते ढवळणं म्हणजे घरातल्या पुरुषांचं काम, दोघे आळीपाळीने, लाकडी उलथणं दोन्ही हातात धरून, चुलीसमोर घामाने निथळत. जरा थांबलं की तळाला लागलंच. आत्या मधेमधे बोट लावून बघायची, बोटाला चिकटलं की अजून नाही. भांड्याच्या कडेने तेल सुटून गोळा फिरायला लागला की मग उतरवायचं. एवढ्या उकाड्यात चूल आणि डिसेंबर! आणि गव्हाणीसाठी ताटलीत नाचणी पेरायची, दहाबारा दिवसांत हिरवंगार शेत तयार, त्यात मेंढ्या ठेवायच्या.

पानमळा
@आंबोळी नाचणीचं मस्त! आम्ही गहू पेरायचो. एकदा उंदराने संपवला.

दोनशेळ्या
कुलकुलं आमच्याकडे कंगव्यावर. नवा कंगवा यायचा खास, वर्षभर डब्यात बंद, कोणी केसाला लावला तर मार. सुपारीएवढी गोळी कंगव्यावर अंगठ्याने दाबत ओढायची की शिंपल्यासारखी वळते, वर रेघा. माझ्या बहिणीच्या एकसारख्या यायच्या, माझ्या जाडजूड, आतून कच्च्या राहायच्या. आई माझ्या वेगळ्या तळायची, मंद आचेवर, न बोलता. नंतर कळलं.

दक्षिणवारे
मेलबर्नहून. ११ वर्षं झाली इथे. @पानमळा तुमच्या लेकीला सांगा की इथे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, पारा कधीकधी ४० ला टेकतो, आणि शाळेची मोठी सुट्टी पण तेव्हाच. म्हणजे आपल्या मे महिन्यात नाताळ आला असं समजा. आणि खरंच आंबे असतात! क्वीन्सलंडहून पेट्या येतात, सोबत चेरी. आमच्या घरी २५ तारखेला आमरस पुरी असते, नवरा मूळचा वसईकडच्या नंदाखालचा, त्याला पहिल्या वर्षी ते फार विचित्र वाटलं की नाताळला इंदेलच्या, म्हणजे आंबटतिखट मटणाच्या, बाजूला आमरस, आता मुलांना त्याशिवाय नाताळ वाटत नाही. इथले लोक थंड कोळंबी, परसात बार्बेक्यू आणि पाव्हलोवा खातात, मग क्रिकेट, दुसऱ्या दिवशी इथल्या एमसीजी मैदानावर टेस्ट सुरू होते त्यामुळे घरातले पुरुष २५ लाच अर्धे तिकडे. एक गोष्ट मात्र अजून खटकते, अंधारच पडत नाही. नऊ वाजेपर्यंत उजेड. तारा लावायचा तर मुलांना जागं ठेवावं लागतं. वसईला साडेसहाला सगळ्या गावाचे तारे एकदम लागायचे असं नवरा सांगतो आणि दरवर्षी तेच वाक्य सांगतो. २४ ला रात्री मोठ्या बागेत मेणबत्त्या घेऊन कॅरल असतात, १९३८ पासून चालू आहे ते इथे, आम्ही चटई आणि चिवडा घेऊन जातो.

फुगेवाली
नंदाखाल!! मी आगाशीची. नवऱ्याला विचार नाताळचे तळलेले फुगे करतो का अजून

दक्षिणवारे
@फुगेवाली करतो पण इथे ताडी कुठली, यीस्ट घालतो. म्हणतो चव येत नाही.

फुगेवाली
ताडीशिवाय ती आंबूस गोडी येतच नाही, पण एक कर, पीठ नारळाच्या दुधात भिजव आणि रात्रभर ठेव. पीठ सैल पाहिजे, हाताला ओघळणारं. मूठ वळायची, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो तो ओल्या बोटाने तेलात सोडायचा. तेल झाऱ्याने वरून उडवत राहायचं म्हणजे टम्म फुगतात आणि आपले आपण उलटतात. नाही उलटले तर पीठ घट्ट झालंय.

दक्षिणवारे
लिहून घेतलं. नवरा मागे उभा राहून वाचतोय, म्हणतो आगाशीचे लोक पीठ सैल करतात म्हणूनच तेलकट होतात 😄

फुगेवाली
त्याला म्हणावं ये इकडे, दाखवते

नगरी
आमचा नाताळ थोडा वेगळा, नगरचे आम्ही, मिशनच्या शाळेच्या बाजूला घर. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ ला, पणजोबांच्या आधीपासून घरात ख्रिस्ती धर्म, पण नाताळचं फराळ म्हणजे दिवाळीचंच. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, अनारसे. केक नंतर आला. थंडी आमच्याकडे असते म्हणजे पहाटे स्वेटर लागतो, पण अकराला ऊन असं की चर्चमधून येताना स्वेटर कमरेला. मला सगळ्यात जवळचं काय तर गाणी. पेटी, तबला, टाळ घेऊन रात्री घरोघरी. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग आणि भजनाच्या चालीत आणली, आम्हाला लहानपणी ते वेगळं काही आहे हेच माहीत नव्हतं. शेजारचे माळकरी आजोबा टाळ वाजवायला स्वतःहून यायचे. ते म्हणायचे, चाल आमचीच आहे, मला येते. ते गेले तेव्हा आमच्या मंडळाने त्यांच्या दारात गाणी म्हटली. त्यांच्या मुलाने सांगितलं म्हणून.

गिरगावकर
@नगरी हे वाचून थांबलो दोन मिनिटं.

जुनाट
थोडं अवांतर. नाताळ हा शब्द पोर्तुगीज नातालवरून आलाय, म्हणजे जन्माचा सण. आणि शाळेत गांधीजींच्या धड्यात नाताळ प्रांत यायचा, दक्षिण आफ्रिकेतला, आठवतं का? तो पण हाच शब्द. वास्को द गामा १४९७ च्या नाताळात त्या किनाऱ्याजवळून गेला म्हणून ते नाव. तिथे पण डिसेंबर म्हणजे उन्हाळा. मी चौथीत बाईंना विचारलं होतं की नाताळमध्ये रोज केक मिळतो का. बाईंनी वर्गात सगळ्यांना विचार करायला लावला होता, रागावल्या नाहीत.

लिचीलिची
मॉरिशसला चार वर्षं होतो नवऱ्याच्या नोकरीमुळे. डिसेंबरमध्ये तिथे गुलमोहर फुलतो!! रस्ते लाल, आणि झाडाला लिची. आपल्याकडे गुलमोहर म्हणजे परीक्षा संपली सुट्टी लागली, तिथे गुलमोहर म्हणजे नाताळ. घरमालकीण ख्रिश्चन, तिने दारावर पानाफुलांची वेणी न लावता लिचीचा घोसच टांगला होता पानांसकट. दुसऱ्या दिवशी माझ्या पोराने खाल्ला. ती म्हणाली त्यासाठीच लावलाय.

रात्रपाळी
मी नर्स आहे. गेले सहा नाताळ ड्युटीवरच, लग्न झालेल्यांना मुलं असतात म्हणून मीच घेते. यावर्षी पण. मुलांच्या वॉर्डात आम्ही सलाईनच्या स्टँडला तारा बांधतो. घरून आई डबा पाठवते त्यात दरवेळी दोन सांदण जास्त, वॉचमन काकांसाठी, तिने त्यांना कधी पाहिलेलं पण नाही. बस एवढंच, पेशंट बोलावतोय.

पानमळा
@रात्रपाळी आईंना माझा नमस्कार सांगा. आणि तुम्हाला पण.

उंडी
वसईकर हजर. कोणी सुकेळ्यांबद्दल लिहिलंच नाही अजून? आमच्या घरी नाताळची खरी भेट तीच होती. राजेळी केळी, पूर्ण पिकलेली, सोलून मांडवावर उन्हात. रोज संध्याकाळी आत, सकाळी बाहेर, हाताने एकेक उलटायचं. आठवडाभरात मधासारखा रंग येतो आणि वरून साखर सुटल्यासारखी होतात. मग केळीच्याच सुक्या पानात बांधून वरून सोपटाची दोरी. आजोबा पहाटेच्या गाडीने दादरला फुलं घेऊन जायचे, नाताळच्या आठवड्यात टोपलीत वरती चारपाच पुडकी असायची, ठरलेल्या गिऱ्हाइकांना फुकट. एक बाई दरवर्षी त्यांना बदल्यात तिळगूळ द्यायच्या संक्रांतीला. आता आमच्या वाडीत दोनच घरं सुकेळी करतात. बाकी जमिनी गेल्या, बिल्डिंगा झाल्या, केळी लावणार कुठे. मला फार वाईट वाटतं हो याचं.

आंबोळी
@उंडी विकत मिळतील का? पत्ता नको, फक्त कधी यायचं ते सांगा 🙏

उंडी
पावसाळा संपला की सुरू होतात, ऊन कडक पाहिजे. आगाशी बाजारात विचारा, म्हाताऱ्या बायका घेऊन बसतात.

तिसराजिना
पहिल्यांदाच लिहितेय. पप्पा मार्चमध्ये गेले. आमच्यात दुखवट्याच्या वर्षी घरात गोड करत नाहीत, तारा पण लावत नाहीत. केक पप्पाच करायचे. म्हणजे पीठ आई भिजवायची पण भट्टीवर न्यायचे ते. घरी ओव्हन नव्हता तेव्हा सगळ्या गल्लीचे टिन बेकरीत, प्रत्येक टिनावर कागदाची चिठ्ठी, चिठ्ठी जळू नये म्हणून पप्पा खिळ्याने पत्र्यावरच आमच्या घराचा नंबर कोरायचे. बेकरीबाहेर ओळ लावून बसायचे तासन् तास, घरी यायचे तेव्हा शर्टाला दालचिनीचा वास. तो टिन काल माळ्यावर सापडला. ४ नंबर. आतून अजून काळपट आहे.

फुगेवाली
अगं. काय लिहू कळत नाहीये. जवळ असतीस तर आले असते.

दोनशेळ्या
@तिसराजिना आमच्याकडे दुखवट्याच्या घरी शेजारचे ताटं पाठवतात, ते घरात बनवलेलं नसतं म्हणून चालतं. तुमच्याकडे येतात का?

तिसराजिना
हो. कालपासून पाच आली. आई प्रत्येक ताटात साखर घालून परत पाठवतेय. वरती कोणीतरी लिहिलं होतं ना साखरेचं, म्हणूनच लिहायला बसले.

गिरगावकर
मी लिहिलं होतं. आईंना सांगा आमच्याकडून पण एक ताट आलं असं समजा.

लिचीलिची
म्हातारा जाळतं का कोणी अजून ३१ ला? आमच्या वांद्र्याच्या गल्लीत जुने कपडे, पेंढा भरून, टोपी, तोंडात बिडी, आणि आम्ही डबा वाजवत पैसे मागायचो.

उंडी
जाळतो तर! यावर्षीच्या म्हाताऱ्याला माझा जुना शर्ट दिलाय. बायको म्हणाली दहा वर्षांपूर्वीच द्यायला हवा होता.

पानमळा
कालच्या रविवारी लेकीला गावी नेलं. पेंढा आता आमच्या शेतातला नाही, शेतच नाही, पण चुलतभावाने दोन पेंढ्या दिल्या. सुरूची फांदी वाऱ्याने पडलेली मिळाली. लेकीने कापूस लावला, मग स्वतःहून खाली वाळू पसरली आणि त्यात शिंपले मांडले. म्हणाली मेंढपाळ समुद्रावरून चालत आले. @फुगेवाली ताडी कुठे मिळते ते नक्की सांग, मला शनिवारी पाहिजे.

फुगेवाली
आमच्या मागच्या वाडीत अजून एकजण काढतो. पहाटे सहाच्या आत यावं लागेल, ऊन चढलं की चढते. बाटली घेऊन ये आणि झाकण घट्ट लावू नकोस, वाटेत फुटेल.