अनुभव धागा : हेलिकॉप्टरच्या हुकाला टांगलेला भार, विदर्भातलं ऊन आणि काळी माती

धागाकर्ता
डोंगरावर टॉवरचे सुटे भाग, जनरेटर, वणव्यासाठी पाण्याची बादली अशी हुकाला लटकवून न्यायची कामं जाणणारे इथं बरेच आहेत. आकड्यांनिशी लिहा. फोटो आणि गप्पा दुसरीकडे.

वैमानिक, नागपूर
हेलिकॉप्टर किती भार उचलतं, याचा माहितीपत्रकातला आकडा बहुधा समुद्रसपाटीचा, १५ अंशांचा असतो. नागपूर ३१० मीटरवर, मे महिन्यात दुपारी पारा ४५ ला. तेव्हा हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलोवरून १.०७ च्या आसपास उतरते. पाती जणू दीड हजार मीटर उंचीवर फिरत असतात. टर्बाइन इंजिनचा दमही त्याच उन्हात कमी होतो. त्यात दोर लांब असला की यंत्र इतकं वर राहतं की जमिनीलगतच्या हवेचा आधारही मिळत नाही. म्हणून जड फेऱ्या सकाळी लवकर, आणि टाकी भरायची नाही. ५०० लिटर इंधन कमी घेतलं की ४०० किलो भार जास्त नेता येतो. फेऱ्या वाढतात, वाढू द्या.

देखभाल, अमरावती
एस-६४ स्कायक्रेन या हेलिकॉप्टरला (पहिलं उड्डाण १९६२) पोटच नाही, म्हणजे सामान आत ठेवायची जागाच नाही. मागं तोंड करून बसलेला वैमानिक भार डोळ्यांनी बघत यंत्र हाताळतो. ई मॉडेल सुमारे ९ टन उचलतं, एफ ११ टनांच्या वर. के-मॅक्स हेलिकॉप्टर रिकामं २.३ टनांचं, उचलतं २.७ टन, एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर (पात्यांचे पंखे), शेपटीला रोटर नाही, त्यामुळे तिकडे ताकद खर्ची पडत नाही. वायुसेनेच्या चिनूक हेलिकॉप्टरला तीन हुक आहेत. लांबोडका भार पुढच्या-मागच्या हुकांना बांधला की गरगरत नाही. एमआय-२६ वीस टन नेतं खरं, पण त्याच्या ३२ मीटर व्यासाच्या रोटरचा झोत मेळघाटातल्या ढाण्याजवळ (आदिवासी वस्तीजवळ) नको. छपराचं एक कवेलू जागेवर राहायचं नाही.

रिगर (भार बांधणारा), वणी
अन् भाराचं वजन? ते कोनी बोललंच नाई. अंदाज नको बाप्पा. जिनिंगच्या धरमकाट्यावर (गाडी तोलायच्या मोठ्या काट्यावर) नेऊन दोर, शेकलसकट (जोडायच्या लोखंडी कडीसकट) तोला. हुकातून दोन बाजूले उतरणाऱ्या, दोन पायांच्या दोराचा आडव्या रेषेशी कोन ६० अंश असला तर एकेका पायावर भाराच्या ५८ टक्के ताण येते, ४५ ले ७१, ३० ले पुरा १००. दोर आखूड घेऊन पैसे वाचवाल तर कोन घटते अन् तिथंच तुटते. पावसाळ्यात रात्रभर टेकवलेलं सामान काळी माती धरून ठेवते. ओढ वजनापेक्षा जास्त लागते, अन् माती सुटली की यंत्र झटक्यानं वर जाते. खाली लाकडी स्लीपर टाका, तळाचा चिखल खरवडा.

ग्राउंड क्रू, गोंदिया
हुकातून भार सोडायचे इलेक्ट्रिक आणि हाताचा, दोन्ही रिलीज जमिनीवरच तपासा. फिरणाऱ्या पात्यांमुळे यंत्रावर स्थिर वीज साचते, कोरड्या धुळीत जास्तच. म्हणून अर्थिंगची काठी आधी हुकाला, मग हात. उतरवतानाही भार जमिनीला टेकल्याशिवाय धरायचा नाही. कुटाराचे ढीग, पऱ्हाटी, सैल टिनं आदल्या दिवशी हलवा, जागेवर टँकरनं पाणी मारा. रिकामा हलका दोर घेऊन वेगात परतू नका, तो मागं उडून शेपटीच्या रोटरला लागू शकतो. टोकाला वजन ठेवा, नाहीतर दोर गुंडाळून आत घ्या.

वैमानिक, नागपूर
यात एक भर. भार झुलू लागला की झोक्याचा पाठलाग करायचा नसतो. वेग उतरवायचा. तरीही झोका वाढतच गेला तर भार सोडायचा. म्हणूनच मार्ग वस्ती, रस्ता आणि ७६५ केव्हीची वीजलाइन टाळून आखतात.

वणवा नियंत्रण, परतवाडा
एप्रिल २०२४ मध्ये नैनितालच्या वणव्यात एमआय-१७ नं भीमताल तलावातून बादलीनं पाणी नेलं. इकडे मोहफुलाच्या दिवसांत तलाव आटलेले असतात, तेव्हा बादली बुडेल इतकी खोली आधी होडीतून मोजा. पाण्यात झाडांचे खुंट असतील तर ती जागा सोडा. ३,५०० लिटर म्हणजे साडेतीन टन पाणी, वर बादलीचं वजन. चिखलदऱ्याच्या ११०० मीटरवर दुपारी ते झेपेलच असं नाही. आवळपट्टीनं बादलीचं तोंड आवळून भरती कमी करता येते, पण पट्टी जमिनीवरच ओढावी लागते. त्यामुळे त्या दिवसाचं तापमान बघून उड्डाणाआधीच भरती ठरवा.