परिवार ग्रुप: मध्ये भिंत, बाजूला मोकळं रान

शनिवार, 30 नोव्हेंबर 2024

बापूकाका (कोलंबस): झालं. 13-10. आपली ओहायो स्टेट सलग चौथ्यांदा मिशिगनकडून हरली. आज मला कोणी फोन करू नका.

बापूकाका: 26 रन, 77 यार्ड. म्हणजे 26 वेळा चेंडू हातात घेऊन धावलो, एका धावेला धड तीन यार्ड नाहीत. तरी पुन्हा मैदानाच्या मध्येच. पुन्हा मध्येच!

दादा (शिकागो): काका, मी पण सुन्न आहे. सहा जिंकलेली, पाच हरलेली टीम आपल्या घरी येऊन जिंकून गेली.

आत्या (पुणे): इथे रात्रीचे दोन वाजून गेलेत. सारखा फोन वाजतोय. कोणाचं काही बरंवाईट नाही ना?

काकू (कोलंबस): नाही हो वन्सं, अमेरिकन फुटबॉल आहे, कॉलेजांचा. हे टीव्ही बंद करून गॅरेजमध्ये जाऊन बसलेत. तिथूनच लिहितायत.

आत्या: मी घाबरून उठले. पाणी प्यायले दोन भांडी.

ताई (ॲन आर्बर): काकू, छोटी कुठे आहे? मॅच संपल्यावर मैदानात मारामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला असं दाखवतायत.

काकू: पाच वेळा फोन केला. लागत नाही.

छोटी: आई, ठीक आहे मी. लाखावर माणूस एका जागी, नेटवर्कच नव्हतं. आम्ही स्टेडियममध्ये सगळ्यात वर सी डेकला होतो. खाली मैदानाच्या मधोमध काढलेल्या ओ अक्षरावर मिशिगनवाल्यांनी त्यांचा झेंडा रोवायला घेतला आणि आपली पोरं धावून गेली. आता चालत निघालोय.

काकू: देवा. घरी ये आधी.

दाजी (ॲन आर्बर): *हा मेसेज डिलीट केला आहे*

दादा: दाजी, काय होतं ते?

ताई: काही नाही. स्टिकर होता. मीच डिलीट करायला लावला.

बापूकाका: मी पाहिला. झेंड्याचा होता. असो.

बापूकाका: शांतपणे लिहितो, सगळ्यांनी वाचा. आपली लाईन, म्हणजे पुढची पाच जणांची फळी, ऑक्टोबरपासून मोडलेली आहे. 12 ऑक्टोबरला ऑरेगनच्या मॅचमध्ये सिमन्सचा गुडघा गेला. लेफ्ट टॅकल, म्हणजे लाईनीचं डावं टोक गेलं. पुढच्या मॅचला नेब्रास्काशी जेमतेम 21-17 वाचलो. मग डोनोव्हन जॅक्सनला शेजारच्या गार्डच्या जागेवरून टॅकलला सरकवला. इंडियानाच्या मॅचआधी प्रॅक्टिसमध्ये मॅक्लॉफलिनच्या टाचेवरची नस तुटली. सेंटर, म्हणजे मधला गेला, तिथे हिन्झमन आला. म्हणजे पाच जणांच्या लाईनीत डावीकडच्या दोन्ही जागा आणि मधली जागा, तिन्हीकडे सीझनच्या सुरुवातीला ठरलेला माणूस नाही. समोर बरोबर मधोमध मिशिगनचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोघेही दीडशे किलोच्या आसपास. आणि आपण धावतोय कुठे? मध्ये! बाहेर आपले पास झेलणारे जेरेमाया स्मिथ, एग्बुका, टेट उभे. मैदान 53 यार्ड रुंद आहे. आपण त्यातल्या पाच यार्डांत डोकं आपटत बसलो. मध्ये भिंत होती, बाजूला मोकळं रान होतं.

वहिनी (शिकागो): काका, अगदी मनातलं. आमच्याकडे पोरं रडून झोपली.

दादा: काका, लाईन मोडलीय हे शंभर टक्के मान्य. पण लाईन कच्ची असली तर पासही कच्चाच होतो. पास टाकणाऱ्या आपल्या हॉवर्डला वेळ कुठे मिळत होता? 175 यार्ड, दोन इंटरसेप्शन, म्हणजे दोन पास त्यांनीच पकडले. एक तर आपल्याच गोललाईनपासून दोन यार्डांवर आणला आणि त्यांच्या मुलिंग्जने चेंडू गोललाईनपार नेऊन टचडाऊन केला. ते सात गुण पासनेच गेले.

बापूकाका: लांब पास टाका असं कोण म्हणतंय? तीन पावलं मागे आणि चेंडू बाहेर. लाईनला दोन सेकंद उभं राहायचं असतं. दोन सेकंद ही पोरंही उभी राहतील. हिन्झमनने ग्रॅहमला दर वेळी दोन यार्ड मागे ढकलावं ही अपेक्षाच चूक. त्या पोराला मी दोष देणार नाही. ज्याने त्याला रोज तेच काम सांगितलं त्याला देईन.

दाजी: काका, नमस्कार. स्टिकरबद्दल माफी असावी. पण थोडं श्रेय आमच्या पोरांनाही द्या. आमचा विल जॉन्सन खेळला नाही, लव्हलंड खेळला नाही. पासिंगचे अख्ख्या मॅचमध्ये 62 यार्ड. तरी जिंकलो. मुलिंग्जने शेवटी तिसऱ्या डाऊनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, 27 यार्ड काढले, ते तर तुमच्या शाबूत डिफेन्ससमोर. आणि तुमचे दोन फील्ड गोल (लाथ मारून घ्यायचे गुण) हुकले. ते आत गेले असते तर आज प्ले-कॉलिंगवर, म्हणजे डाव कसे ठरवले यावर, कोणी बोललं नसतं.

बापूकाका: जावईबापू, श्रेय देतोय म्हणूनच तर बोलतोय. ग्रॅहम-ग्रँट भिंत आहेत हे मी मानलं. आमच्या कोचनी मानलं नाही. फील्ड गोल हुकले खरे. पण दुसऱ्या हाफमध्ये आमचा एकही गुण नाही. शून्य. त्यात बिचाऱ्या किकरला किती धरायचं?

आत्या: शनिवार, त्यात अमावस्या लागलेली. मी सकाळीच म्हणाले होते, आज काही महत्त्वाचं करू नका.

छोटी: आत्या, अमावस्या मिशिगनलाही लागलीच होती ना 😄

आत्या: तू आधी घरी पोच.

दादा: मला वाटतं हे 2021 चं दुखणं आहे. ॲन आर्बरला बर्फात 42-27 झालं, 297 यार्ड ते आपल्या अंगावरून धावत गेले. तेव्हापासून 'ओहायो स्टेट मऊ आहे' हे कानावर पडतंय. आपला कोच रायन डे, त्याला आज ते पुसायचं होतं. आम्हीही अंगानं भिडतो, हे दाखवायचं होतं. म्हणून मध्ये.

बापूकाका: बरोबर. लोकांचं बोलणं मनाला लावून घेऊन प्ले ठरवले. डाव आखायला चिप केलीला कशासाठी आणला मग? आपले जुने कोच वुडी हेज यांच्या काळी तीन यार्ड आणि धुळीचा लोट चालत होता, कारण तेव्हा लाईन धड होती. आणि हो, 2021 ला त्या बर्फात मी होतो. जावईबापूंनी तिकीट काढलं होतं. आभार तेव्हाच मानले होते.

ताई: काका, मॅच संपायच्या आत न सांगता निघून गेला होतात तुम्ही. आम्ही दोघं गेटपाशी तासभर शोधत होतो. जेवायचं टेबल राखून ठेवलं होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

बापूकाका: आज बोललीस.

काकू: पुरे. दोघांनीही.

आत्या: उठलेच आहे तर विचारते. आण्णांच्या पंचाहत्तरीच्या हॉलचे पैसे 5 तारखेच्या आत भरायचेत. सोमवारी लिहिलं, बुधवारी लिहिलं. कोणाचं उत्तर नाही. फुटबॉलवर मात्र सगळे जागे.

वहिनी: आत्या, आमचा वाटा उद्या पाठवतो. सॉरी.

दाजी: आमचाही.

बापूकाका: 26 रन, 77 यार्ड. मध्ये भिंत होती, बाजूला मोकळं रान होतं.

आत्या: बापू, हॉलचं विचारलं मी.

काकू: वन्सं, मी पाठवते. यांना आज राहू द्या.

छोटी: पोचले घरी. बाबा, मला एवढंच सांगायचंय. मी 2021 ला इथे ॲडमिशन घेतली. चार वर्षांत मिशिगनला हरवलेलं एकदाही पाहिलं नाही. पण माझं सोडा. सॉयर, हेंडरसन, एग्बुका, जॅक्सन माझ्याच बॅचचे. एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, जायचं सोडून मिशिगनला एकदा तरी हरवायचं म्हणून थांबले. मिशिगनला हरवलं की खेळाडूंना छोटी सोन्याची पँट मिळते. त्यांच्याकडे एकही नाही. सॉयरने शेवटच्या क्वार्टरमध्ये गोललाईनजवळ चेंडू उचलला तेव्हा सगळं स्टेडियम हललं होतं. ते पण वाया गेलं. मला त्यांच्यासाठी वाईट वाटतंय.

बापूकाका: मी 1989 ला आलो, बाळा. तेव्हा कूपर कोच होते. त्यांच्या 13 वर्षांत मिशिगनविरुद्ध 2 विजय, 10 पराभव, 1 बरोबरी. 1996 ला तर आपण दोन नंबरवर, एकही हार नाही, मैदान घरचं. 13-9 हरलो. मी दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये होतो, घरी चालत आलो. आज गॅरेजमध्ये बसून तेच आठवतंय.

दाजी: काका, हे मला माहीत नव्हतं.

रविवार, 1 डिसेंबर 2024

आण्णा (सांगली): सकाळी चहाबरोबर सगळं वाचलं. इकडे निकाल लागून आठवडा झाला तरी मुख्यमंत्री कोण ते ठरेना, मला वाटलं त्यावर दीडशे मेसेज असतील. असो. लाईन म्हणजे चेंडूवाल्याच्या पुढे वाकून उभे राहतात ते पाच जाडजूड गडी ना?

दादा: हो आण्णा. मधला सेंटर, दोन बाजूंना दोन गार्ड, टोकांना टॅकल.

आण्णा: म्हणजे आमच्या कबड्डीतली साखळीच. साखळीतला मधला गडी दुखावला की चढाईला येणारा बरोबर तिथेच घुसतो. पण इथे उलटं दिसतंय. साखळी आपली तुटलेली, आणि तिच्यातूनच आपण पुढे जायला बघतोय. असं कसं?

बापूकाका: आण्णा, मी कालपासून हेच सांगतोय! मध्ये भिंत, बाजूला मोकळं रान!

दादा: पण आण्णा, तुम्हीच शिकवलंत ना की सारखं एकाच कोपऱ्यात गेलं की पकड तिथेच लागते. मिशिगनचे मागचे गडी पास झाकून खोलवर उभे होते. मध्ये थोडं तरी धावल्याशिवाय ते पुढे येत नाहीत. ते पुढे आले की मगच बाहेरचं रान मोकळं होतं. रन हवाच होता. 26 वेळा नको होता, एवढं मानतो.

आण्णा: थोडं धावायचं, ते त्यांना पुढे ओढायला. तेवढ्यावर मॅच काढायला नाही.

बापूकाका: हे वाक्य कोणीतरी कोलंबसला पाठवा.

दाजी: आण्णा, ग्रॅहम आणि ग्रँटला पकडायला तुमच्यासारखा कोपरारक्षकच हवा होता.

आण्णा: जावईबापू, माझा गुडघा 1978 ला गेला. त्या सिमन्सला म्हणावं, घाई करू नको. मी घाई केली होती.

काकू: भाऊजी, सांगते. इंडियानापोलिसचं हॉटेल मात्र वाया गेलं. 7 तारखेच्या आपल्या लीगच्या फायनलसाठी यांनी ऑगस्टमध्येच बुक केलं होतं, पैसे परत नाहीत.

दाजी: काका, मी विचारून बघतो, फायनलला गेलेल्या पेन स्टेटवाला एक मित्र आहे. तो घेईल.

बापूकाका: बघा.

बापूकाका: थँक्यू.

रविवार, 22 डिसेंबर 2024

आण्णा: प्लेऑफची टेनेसीविरुद्धची मॅच बघायला सकाळी साडेसहाला टीव्ही लावला. पहिल्या क्वार्टरलाच 21-0! हे तेच लोक आहेत का?

दादा: तेच आण्णा. टॅकलला तोच जॅक्सन, सेंटरला तोच हिन्झमन.

छोटी: आम्ही मैदानात आहोत! बोटं गोठलीत! टेनेसीची नारिंगी माणसं एवढी आलीत की अर्धं स्टेडियम नारिंगी, पण आता सगळी गप्प!!

दादा: 42-17. हॉवर्ड 29 पैकी 24 पास, 311 यार्ड. स्मिथचे दोन टचडाऊन.

बापूकाका: लाईन तीच. माणसं तीच. चेंडू बाहेर गेला. मी 30 नोव्हेंबरला जे लिहिलं होतं ते पुन्हा खाली टाकतो.

वहिनी: काका, नको, पाठ झालंय सगळ्यांना 🙏

बापूकाका: मध्ये भिंत होती, बाजूला मोकळं रान होतं. 26 रन, 77 यार्ड. आजचा खेळ त्या दिवशी खेळला असता तर त्या पोरांकडे एक तरी सोन्याची पँट असती.

दाजी: काका, मनापासून अभिनंदन. पण टेनेसीकडे ग्रॅहम-ग्रँट नाहीत. लाईनला वेळ मिळाला म्हणून चेंडू बाहेर गेला. एका मॅचवरून आमच्या दोघांना हिशोबातून काढू नका.

बापूकाका: काढत नाही. पण 1 जानेवारीला प्लेऑफच्या पुढच्या फेरीत रोझ बोलमध्ये ऑरेगन आहे. जिथे सिमन्स गेला, जिथे आपण 32-31 हरलो, तेच ऑरेगन. तिथे पुन्हा मध्ये घुसले तर मी काय करेन माहीत नाही.

काकू: तुम्ही 1 तारखेला सांगलीत असाल. 30 चं तिकीट आहे.

बापूकाका: अरे देवा.

आत्या: 30 ला सोमवती अमावस्या आहे. मी ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं, एक दिवस मागे-पुढे घ्या.

काकू: वन्सं, तिकीट बदलायला माणशी तीनशे डॉलर पडतात. पंचाहत्तरीला वेळेत पोचायचंय.

आत्या: मग मारुतीला नारळ फोडून निघा. आणि आण्णा, मेन्यूत पुरणपोळी की श्रीखंड, आज सांगा.

आण्णा: पुरणपोळी. बापू, ती मॅच आपल्याकडे किती वाजता?

दादा: तिकडे संध्याकाळी पाच, म्हणजे सांगलीत 2 तारखेच्या पहाटे साडेतीन.

आण्णा: ये तू. बाहेरच्या खोलीत टीव्ही आहे, बाकीच्यांची झोप मोडायची नाही. तीनला उठू, चहा मी टाकतो. सेंटरला कोण उभा आहे तेवढं मला आधी दाखव.

दाजी: काका, आम्ही 1 ला सांगलीत पोचतोय. मलाही उठवा.

बापूकाका: उठवतो. फक्त मिशिगनचा निळा स्वेटर नको.