पार्ट्स वॉशरमध्ये काय भरू? रॉकेल, एमटीओ (मिनरल टर्पेन्टाइन, रंग पातळ करायचं ते) की पाण्याचं डीग्रीजर (नागपूर, मे महिना!)

नमस्कार मंडळी, मदत पाहिजे. बाबांची ९४ची चेतक पोर्चमध्ये उघडून बसलोय, इंजिन अर्धं खाली आहे आणि ब्रश घेऊन परातीत पार्ट धुवून धुवून कंटाळलो म्हणून घरीच पार्ट्स वॉशर बनवून राहिलो. भंगारातल्या कूलरचा खालचा लोखंडी ट्रे, त्यावर जाळी, त्याच कूलरचा १८ वॅटचा पंप, पाइप लावून वरून धार. साध्या पाण्यावर ट्रायल घेतली, मस्त चालते. आता भरायचं काय, इथे गाडी अडली.

मिस्त्री म्हणतो डोळे मिटून रॉकेल टाक. पण रॉकेल आता मिळतं कुठे राजेहो? डिझेल पंपावर मिळतं पण पार्टवर चिकट थर राहतो आणि हाताचा वास दोन दिवस जात नाही. पेट्रोलचं नावच नको, पोर्चला लागून किचनची खिडकी आहे न् आत गॅस.

माझी खरी भीती वेगळी आहे. रॉकेल काय न् डिझेल काय, आपल्याकडच्या मानकात फ्लॅश पॉइंट कमीत कमी ३५ डिग्री, म्हणजे त्याच्यावर वाफ पेट घेऊ शकते. बाकीकडचे लोक लिहितात की रॉकेलमध्ये काडी टाकली तरी विझते. विझत असेल तुमच्याकडे, इथे टिनाच्या शेडखाली दुपारी पंचेचाळीस असतं आणि ट्रेला हात लावला की चटका बसतो. एमटीओची पण तीच गत ना?

एक गाढवपणा आधीच करून झाला. इतवारीतून कॉस्टिक सोडा आणला, गरम पाण्यात घोळला आणि कार्ब्युरेटरची बॉडी त्यात टाकली. फसफस सुरू झाली तर मला वाटलं वा, काय मळ निघून राहिला! बाहेर काढली तर बॉडी काळी कुट्ट, बोट फिरवलं की काजळी. नंतर कळलं की कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम, जस्त दोन्ही विरघळतात आणि ते बुडबुडे हायड्रोजनचे. बाजूच्या किचनमध्ये आई पोळ्या करत होती.

तर सांगा, पाण्याच्या डीग्रीजरने ग्रीस खरंच निघतं का, की पैसे पाण्यात?

हिंगणा_फिटर: भाऊ, रॉकेल किंवा एमटीओ भरणार असशील तर आधी तो पंप बाहेर काढ. कूलरचा पंप पाण्यासाठीच असतो, रॉकेलमध्ये त्याचं रबर फुगते, वायरचं आवरण खराब होते आणि आत २३० व्होल्ट. पंप ठेवायचा तर पाण्याचंच डीग्रीजर. ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं घे, कॅनवर सोडियम हायड्रॉक्साइड दिसलं की परत ठेव. ग्रीस निघते, फक्त पाणी गरम लागते. लोक त्यासाठी हीटर लावतात, तू नागपुरात मे महिन्यात आहेस, ट्रे उन्हात ठेव न् बारानंतर धू 😄 आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लाव बाबा.

जुनी_स्कूटर: +१. गियर, शाफ्ट धुतले की लगेच पुसून ऑइल लाव, नाहीतर चहा पिऊन येईपर्यंत लाल होतील. बोरचं पाणी वापरू नको, कूलरच्या ट्रेवर पांढरा थर पाहिलाच असेल. आणि एक्झॉस्ट पोर्टचा कार्बन यातल्या कशानेच जात नाही, तो लाकडी चिपेने खरवडावाच लागतो. अगदी हट्टी ग्रीस असेल तर झाकणाच्या डब्यात अर्धा लिटर एमटीओ, हाताने ब्रश मारून, सकाळी सहाला, उघड्यावर. रात्रभर ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं परत वापर. ऑइल सील त्यात बुडवू नको.

चेतकवाला (मीच): धन्यवाद दोघांना! पंप राहू दिला, पाण्याचंच फिक्स केलं. ट्रे गच्चीवर नेला, नळाचं पाणी भरलं, साडेबाराला बोट घातलं तर ठेववत नव्हतं. क्लच कव्हर धुतलं, कोपऱ्यातलं ग्रीस ब्रशने सुटून आलं. फक्त एक राहिलं, ते काळं पाणी नंतर कुठे टाकायचं? नालीत टाकू नको म्हणून आईने आत्ताच दम दिला आहे.