रॅम्पला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

आमच्या सोसायटीच्या दाराशी रॅम्प केलाय. पाटीवर काय लिहायचं यावर मीटिंगमध्ये अर्धा तास गेला. एक काका म्हणाले 'उतार'. दुसरे म्हणाले, 'अहो, आत येणाऱ्याला तो चढ आहे!' तिसऱ्यांनी 'उतरंड' सुचवलं. चांगला मराठी शब्द आहे का?

— उतरंड आधी बाद करा. ती मडक्यांची, खाली मोठं, वर लहान, अशी रचलेली. 'आयुष्याच्या उतरंडीवर' असं छापून येतं, पण तिथं उतरण म्हणायचं असतं.

दुसऱ्या काकांनी मेख बरोबर पकडली. आपला शब्द आधी विचारतो, तुम्ही उभे कुठे? खाली असाल तर चढ, चढण. वर असाल तर उतार, उतरण. स्लोप, रॅम्प यांना त्याचं सोयरसुतक नाही. गवंडी 'ढाळ' म्हणतात, पण तो पाण्याच्या बाजूनं बोलतो: 'मोरीकडं ढाळ ठेव रे.' (दवाखान्याच्या पाटीवर लिहू नका, तिथं ढाळ लागणं वेगळं!)

इंग्रजीतही सगळे एक नाहीत. स्लोप कुठलाही, डोंगराचा किंवा छपराचा. रॅम्प बांधलेला. ग्रेडियंट म्हणजे त्या चढाचं माप. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, त्या चढणीला इंग्रज 'इन्क्लाइन' म्हणत. आपण नुसतं 'घाट' म्हणतो. त्यात खिंड, रस्ता, चढ सगळं आलं. तिथला ग्रेडियंट ३७ला १, म्हणजे गाडी ३७ फूट पुढे गेली की १ फूट वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यासाठी कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे 'बँकर', लावावी लागतात.

— आणि फॅशन शोचा रॅम्प? तो तर सपाट असतो.

— तो आपल्याकडचा. विलायतेत त्याला कॅटवॉक म्हणतात.

— बरं, पाटीवर 'रॅम्प'च लिहितो. तीन पायऱ्या होत्या, दीड फूट उंची, ती सहा फुटांत उतरवलीय. परवा आजींची चाकाची खुर्ची ढकलायला दोघं लागले.

— सहा फुटांत? ही घसरगुंडी झाली. चाकाच्या खुर्चीला १२ला १ धरतात, म्हणजे तुम्हाला अठरा फूट हवेत.

— एवढी जागा नाही हो. वळवून घेतला तर?

— चालेल. वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा मात्र सोडायला सांगा.