वाण म्हणून डेलियाचे कंद

प्रेषक: गौरी, बॉथेल
प्रति: मंडळ, सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

हळदीकुंकवाची तारीख आणि हॉल यांचा निरोप वेगळा येईल. हा मेल फक्त वाणाबद्दल. प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या ठेवायला आता कोणाच्याच कपाटात जागा उरलेली नाही, हे गेल्या वेळी सगळ्याजणी बोलल्याच होत्या. म्हणून सुचवते, या वर्षी वाण म्हणून डेलियाचा एकेक कंद देऊ या. सिएटलनं १९१३ साली डेलियाला शहराचं फूल केलं ते उगाच नाही. इथल्या गार रात्री आणि सौम्य उन्हाळा या झाडाला फार मानवतात. आपल्यातल्या बऱ्याच घरांत थंडीआधी काढून ठेवलेले कंद आहेत. जास्तीचे असतील त्यांनी कळवा.

गौरी

———

प्रेषक: नीलेश, केंट

गौरीताई, एक नंबर! माझ्या गराजमध्ये क्रेट भरून पडलेत, हवे तेवढे न्या. नावं मात्र विचारू नका. लाल, जांभळा आणि "तो मोठा गुलाबी", एवढीच माझी वर्गवारी. दोन-तीन गड्ड्यांना (खोडाला चिकटलेला कंदांचा अख्खा घोस) बुडाशी फुलकोबीसारखी गाठ आलीय. दिसायला विचित्र आहे, पण फुलं भरपूर दिली त्यांनी. तेवढी गाठ सुरीनं कापून दिले तर चालतील ना?

———

प्रेषक: वसुधा, रेंटन

नीलेश, आधी ती सुरी खाली ठेव.

बुडाशी तशी गाठ म्हणजे बहुतेक क्राउन गॉल. मातीतल्या जिवाणूमुळे होतो, जखमेतून आत शिरतो आणि त्यावर औषध नाही. गाठ कापलीस तरी जिवाणू गड्ड्यात राहतोच, आणि तीच सुरी पुढच्या गड्ड्याला लागली की त्यालाही प्रसाद. याचा एक भाऊबंद आहे, लीफी गॉल. त्यात खोडाच्या बुडाशी आखूड, जाडसर, वेड्यावाकड्या फुटव्यांचा झुबका येतो. नवख्याला वाटतं, वा, किती डोळे फुटले! दोन्हींचं एकच करायचं: गड्डा बंद पिशवीत घालून घरच्या कचऱ्यात. कंपोस्टमध्ये नाही आणि यार्ड वेस्टच्या डब्यातही नाही. त्या जागी पुढची काही वर्षं डेलिया लावू नकोस, गुलाबही नको. मका लाव, त्याला हा रोग धरत नाही.

गौरी, कल्पना मला मनापासून आवडली, पण मुहूर्त चुकतोय. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाचा डोळा फक्त गळ्याशी, कंद जुन्या खोडाला चिकटतो तिथे. त्या खोडाचा तुकडा सोबत आला नाही किंवा मान मोडली, तर कंद कितीही गुबगुबीत असो, जन्मात फुटत नाही. शरद ऋतूत गड्डा काढताना डोळे थोडेफार दिसतात, मग हिवाळ्यात बसून जातात आणि मार्चमध्ये ऊब लागली की पुन्हा टपोरे होतात. आत्ता वाटले तर निम्म्याजणींच्या हाती आंधळे कंद पडतील. उरलेल्या ते हीटरच्या झरोक्याजवळ ठेवतील आणि एप्रिलपर्यंत त्यांची सुकी आमसुलं होतील. साठवायला ४ ते १० अंश सेल्सिअसची, गोठणार नाही अशी जागा लागते, व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारे हलके खनिज दाणे) किंवा लाकडाचा भुसा लागतो. महिन्यातून एकदा उघडून कुजका भाग कापायचा, सुरकुतलेल्यावर पाण्याचा हलका शिडकावा द्यायचा. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मुलीनं हे सगळं कुठे करायचं?

तेव्हा वाण गुढीपाडव्याला द्या. तोवर ज्याचे कंद त्यानं सांभाळावेत. पाडव्यापर्यंत डोळा नजरेला दिसेल, आणि पुढे महिनाभरात माती १५ अंशांच्या वर गेली की थेट जमिनीत. लावल्यावर कोंब वर येईपर्यंत पाणी घालायचं नाही. इथला एप्रिलचा पाऊस पुरे होतो. या एका गोष्टीवर आपल्या बायकांचा विश्वासच बसत नाही, रोज तांब्याभर पाणी घालून कंद कुजवतात.

आणखी एक. पानाच्या शिरांलगत पिवळे पट्टे, झाड खुजं, पानं चुरगळलेली, असं उन्हाळ्यात ज्या झाडाचं दिसलं असेल त्याचे कंद वाटू नका. तो मोझॅक विषाणू. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. कंदावर त्याची काहीच खूण दिसत नाही, म्हणून निरोगी झाडांना ऑगस्टमध्येच चिठ्ठी बांधावी लागते.

वसुधा

———

प्रेषक: माधुरी, कर्कलंड

वसुधाताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. एवढं सोवळं पाळायचं म्हटलं तर वाटायला उरणार काय? माझी अर्धी बाग कुंपणापलीकडच्या शेजारीणबाईंनी दिलेल्या कंदांवर उभी आहे. त्यांनी कधी चिठ्ठी बांधली नाही, मी कधी सुरी धुतली नाही. दर वर्षी गणपतीत टेबल फुलांनी भरतं. विषाणू असेलही. पण झाडाचं आणि त्याचं जमलेलं दिसतंय.

———

प्रेषक: वसुधा, रेंटन

माधुरी, विषाणूपुरतं तुझं थोडं बरोबर आहे. पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत हनू पप्पू यांचा गट डेलियाच्या विषाणूंवर बरीच वर्षं काम करतोय. त्यांच्या तपासण्यांतून निघालं ते असं की पुष्कळ जातींत विषाणू आधीपासूनच मुरलेला आहे आणि कित्येक झाडांत लक्षणंच दिसत नाहीत. म्हणजे शंभर टक्के निर्मळ कंद वाटायचा हट्ट धरला तर खरंच कोणी काही वाटू नये. मी तेवढा धरत नाही. दिसायला आजारी झाड असेल तर देऊ नये, इतकंच.

गाठीच्या बाबतीत मात्र मी हटणार नाही. विषाणूचं झाड फार तर खुरटेल. गाठीचा जिवाणू ज्याला कंद दिला त्याच्या मातीत जाऊन बसतो आणि तिथले गुलाब, रासबेरीही धरतो. दिलेली वस्तू परत घेता येते, माती नाही घेता येत. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, त्यात दर गड्ड्यानंतर सुरी बुडवायची. दोन सुऱ्या ठेवल्या की एक बुडलेली असताना दुसरी चालते, वेळ जात नाही.

आणि गणपतीचं काढलंस म्हणून. आपल्याकडे सगळ्यांना ताटाएवढी फुलंच हवी असतात, कॅफे ओ ले नाहीतर केल्व्हिन फ्लडलाइट. फोटोला छान आहेत, पण पूजेत काय उपयोग? जड फूल, मान टाकतं, दुसऱ्या दिवशी कडेच्या पाकळ्या तपकिरी. हार करायचा तर बॉल आणि पॉमपॉन प्रकारची लावा. पॉमपॉन म्हणजे ५ सेंटिमीटरपर्यंतचं घट्ट गोल फूल, पाकळ्या आत वळलेल्या. सुई-दोऱ्यात ओवलं तरी विस्कटत नाही. कॉर्नेल म्हणून गडद लाल बॉल मिळतो, बाप्पाला लाल फूल हवंच. डेलिया तोडल्यावर कळी उमलत नाही, त्यामुळे पूर्ण फुललेलंच सकाळी तोडायचं, पण उलटं करून मागच्या पाकळ्या बघायच्या. त्या कागदासारख्या झाल्या असतील तर ते फूल झाडावरच संपलंय.

रोप वीतभराच्या वर गेलं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या, की शेंडा खुडायचा. हे सांगितलं की लोक माझ्याकडे खुनी असल्यासारखं बघतात. पण शेंडा खुडला की बाजूचे फुटवे येतात आणि फुलं कितीतरी वाढतात. शेंडा ठेवला तर एकच दांडा वर जातो आणि पहिल्या वाऱ्यात आडवा होतो. काठी मात्र कंद लावतानाच रोवायची, नंतर रोवली तर ती नेमकी कंदातून जाते.

———

प्रेषक: अरविंद, सध्या पुणे

सर्वांना सप्रेम नमस्कार. फेब्रुवारीत मुलाकडे सॅमामिशला येतोय, म्हणून यादीवर आहे. चर्चा वाचून गंमत वाटली. आमच्याकडे कंद कोणी वाटत नाही. पावसाळा ओसरला की नर्सरीत छाटकलमांची रोपं येतात, ती कुंडीत लावायची, डिसेंबर ते फेब्रुवारी फुलं. २६ जानेवारीच्या सुमारास एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तिथे डेलियाच्या कुंड्यांपुढे हीऽ गर्दी. नंतर मे महिन्याच्या उन्हात आणि पुढच्या पावसात कंद टिकवणं जिकिरीचं, म्हणून पुष्कळ जण दर वर्षी नवीन रोपंच घेतात.

विचारायचं होतं ते हे: माझ्या एका कुंडीत पांढऱ्या-जांभळ्याचं अप्रतिम फूल आलंय. येताना बॅगेतून चार कंद आणू का?

———

प्रेषक: गौरी, बॉथेल

अरविंदकाका, कृपा करून आणू नका! लावायचे कंद असतील तर भारतातल्या कृषी खात्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा दाखला, लागतं, आणि माती चिकटलेली तर अजिबात चालत नाही. विमानतळावर कंद जाईलच, वर दंडही होऊ शकतो. फोटो मात्र आणा. आणि सप्टेंबरपर्यंत राहणार असाल तर व्हॉलंटियर पार्कमधली डेलियाची बाग दाखवायला मी नेईन. प्युजेट साउंड डेलिया असोसिएशनची माणसं ती सांभाळतात, प्रत्येक झाडाला नावाची पाटी असते. तिकडे रविवारी बसलं की दोन तास कसे जातात कळत नाही.

वसुधाताई, पटलं. हळदीकुंकवाला तिळगूळ, आणि वाण म्हणून हातात एक चिठ्ठी: "पाडव्याला या, कंद न्या." म्हणजे येणारी बाई दोनदा येईल, मंडळाचाही फायदा.

———

प्रेषक: स्वाती, स्पोकेन

आम्ही डोंगरापलीकडचे, आमचाही विचार करा. तुमच्याकडे काही जण कंद जमिनीतच ठेवतात आणि वरून पालापाचोळा घालतात, ते ऐकून हेवा वाटतो. इथे जमीन गोठते, काढले नाहीत तर गेले. लावणीही मेच्या उत्तरार्धात. पाडव्याला मिळाले तर मी कुंडीत घालून घरातच फुटवून घेईन. दोन राखून ठेवा, कोणी इकडे येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवा.

ता. क. आणि गोगलगायी? तुमच्याकडे म्हणे रात्रीत कोंब साफ करतात.

———

प्रेषक: वसुधा, रेंटन

स्वाती, करतात. कोंब वर येण्याआधीपासूनच आयर्न फॉस्फेटचे दाणे टाकायचे. कुत्र्या-मांजरांच्या घरात जुने मेटाल्डिहाइडचे दाणे वापरू नका, विषारी आहेत. बाकी रात्री बॅटरी घेऊन वेचणं आहेच. मी जाते, नवरा येत नाही.

तुमच्यासाठी दोन बॉल राखलेत.

———

प्रेषक: नीलेश, केंट

गाठीवाले सगळे कचऱ्यात गेले, पिशवीला दोन गाठी मारून. सुरीही ब्लीचमध्ये बुडवली. बायको म्हणते, घरातली भाजीची सुरी होती ती, आता नवीन आण.

बाकीच्यांना चिठ्ठ्या लावतोय. लालाचं नाव ताईंनी सांगितलेलं कॉर्नेलच असणार, मी तसं लिहून टाकतो. सप्टेंबरमधला फोटो जोडलाय.

———

प्रेषक: वसुधा, रेंटन

लिहू नकोस. फोटोतलं फूल चपटं आहे, पाकळ्या टोकाशी बाहेर वळल्यात. बॉलची पाकळी आत गुंडाळलेली आणि बोथट असते. हे डेकोरेटिव्ह आहे, आणि तसे लाल शेकड्यांनी आहेत. "लाल, डेकोरेटिव्ह, कमरेएवढं झाड, नाव माहीत नाही" असं लिही. चुकीचं नाव एकदा चिठ्ठीवर चढलं की पुढच्या पाच घरांत तेच फिरतं.

मोठ्या गुलाबीचा फोटो असला तर पाठव.