सहा हजारांत जुनं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड: घ्यावं की थांबावं?

नवीपेठ_१०८०: आरएक्स ५८०, ८ जीबी, वॉरंटी संपलेलं, सहा हजारांना मिळतंय. पीसीत आय५-४५७०, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबीची एकच डीडीआर३ रॅम, ५०० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ. जीटीए ५ आणि सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) नक्की खेळायचे, नवीन गेम जमले तर. माझ्या मते घ्यावं. विरोध असेल तर कारणासकट सांगा.

होटगीरोड: नका घेऊ. कार्ड २०१७ चं. नोव्हेंबर २०२३ पासून एएमडीने पोलारिसचे (५८० ज्या पिढीतलं, तिचे) ड्रायव्हर वेगळे काढलेत, त्यात फक्त अत्यावश्यक दुरुस्त्या येतात. आणि 'नवीन गेम जमले तर' हे सोडूनच द्या. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल (२०२४) आणि डूम: द डार्क एजेस (२०२५) यांना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचं गणित कार्डातच करण्याची सोय) लागतं, विंडोजवर या कार्डावर ते सुरूच होत नाहीत, सेटिंग कितीही खाली आणा. त्यापेक्षा पैसे साठवून जुनं आरएक्स ६६०० घ्या. ते १३२ वॅट खातं, ५८० खातं १८५. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हा फरक जाणवतो.

पूर्वभाग: ६६०० चा सल्ला देताना बोर्ड पाहिलात का? एच८१ चा कार्डाचा स्लॉट जुन्या, हळू पीसीआय एक्सप्रेस २.० चा आहे. ६६०० ला डेटा जायला आठच लेन, म्हणजे निम्मा रस्ता. ५८० ला सोळाच्या सोळा मिळतात. वर प्रोसेसर चार कोर, चार थ्रेडचा. सीएस२ मध्ये तोच आधी दमणार. महाग कार्ड नुसतं बसून राहील.

विजेचंही मोजा: ५३ वॅटचा फरक, रोज चार तास, महिन्याला साधारण सहा युनिट. तेवढ्यासाठी कार्ड नाकारायचं नाही.

मात्र पैसे देण्याआधी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडर्सची, म्हणजे चिपमधल्या गणनेच्या घटकांची, ओळ वाचा. २३०४ हवेत. २०४८ असतील तर ते नावालाच ५८०, ताकद ५७० ची, आणि भाव तसाच पाडून मागा. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) पंधरा मिनिटं चालवा. ठिपके, चौकटी किंवा काळा पडदा आला तर मेमरी गेलेली असण्याची शक्यता मोठी. तिथूनच परत फिरा. ड्रायव्हर टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड ४३' दिसला तर क्रिप्टो मायनिंगसाठी बदललेल्या बायोसचा (कार्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचा) संशय घ्या. मूळ बायोस परत टाकता येतो, पण ते काम विकणाऱ्याने करून द्यावं.

होटगीरोड: स्लॉटचा मुद्दा मान्य, माझ्या नजरेतून सुटला. पण मग उलट प्रश्न येतो: बोर्ड इतका जुना असेल तर सहा हजार कार्डात कशाला? तेच पुढच्या बोर्ड-प्रोसेसरसाठी ठेवा. शिवाय ५०० वॅट नुसतं स्टिकरवर लिहिलेलं नको. सहा अधिक दोन पिनची खरी पीसीआयई वायर एसएमपीएसमधून निघते का ते बघा. एका मोलेक्सवरून (जुन्या चार पिनी वायरवरून) कन्व्हर्टर लावून हे कार्ड चालवलं की पिना तापून वितळू शकतात.

कूलिंगवाला: दोघांनी एक गोष्ट सोडली. यंत्रमागांच्या भागातल्या घरात धुळीबरोबर सुताची तूस असते. ती हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते आणि ब्लोअर बाहेरून मारून निघत नाही. पंख्याचं कव्हर उघडून ब्रशनेच काढावी लागते. पेस्ट बदलताना थर्मल पॅडची (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीची) जाडी मोजून तेवढीच घ्या. जाड पॅड लावला तर चिपला हीटसिंक नीट टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. नंतर तापमान आणखी उतरवायला एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज ११५० मिलिव्होल्टवरून १०८० पर्यंत आणून बघा. गेम बंद पडला तर वीस-वीसने वर न्या.

माझं मत: शेडर्स २३०४ आणि भाव पाच हजारांच्या आत असेल तरच घ्या. उरलेल्या हजारात ८ जीबीची दुसरी रॅम टाका. एकाच कांडीवर ड्युअल चॅनल (दोन कांड्यांवरून एकदम डेटा घेणं) चालत नाही, आणि जीटीए ५ मध्ये मधेच येणारे झटके कार्डाने जात नाहीत.

नवीपेठ_१०८०: एसएमपीएसला सहा अधिक दोनची एक वायर आहे, आत्ताच उघडून पाहिलं. रविवारी पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड आणि फरमार्क घेऊन जातो. २०४८ निघाले तर साडेतीन हजारांवर देणार नाही.

होटगीरोड: २३०४ निघाले तरी माझा विरोध कायम. रॅमची दुसरी कांडी मात्र आजच घ्या.