बारी की खिडकी? बोलताना वाटणारा कमीपणा

दांडियाबाजारकर:
सप्रेम नमस्कार. आमच्या चार पिढ्या बडोद्यात गेल्या. गेल्या वर्षी पुण्यात नोकरीला असताना मी कार्यालयात सहज ‘बारी लावून घ्या’ म्हणाले आणि सगळे हसले. खिडकीला आम्ही गुजरातीसारखे बारी म्हणतो, हे तिथे कोणाला ठाऊक असणार! तेव्हापासून बैठकीत तोंड उघडण्यापूर्वी प्रत्येक वाक्य मनात तपासायची सवय जडली, आणि तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आता बडोद्यात परतले आहे, हिशेबाचे काम चोख करते, तरी आपण कुठेतरी उणे आहोत ही भावना जात नाही. ‘तू छान बोलतेस’ असे घरचे म्हणतात, पण त्याचा काडीचा उपयोग होत नाही. काय करावे?

निवृत्त मास्तर, वाडी:
कौतुकाने भागत नाही यात नवल नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचे चार उगम मांडले: स्वतः करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणे, इतरांचे शब्द आणि शरीराची अवस्था. त्यांतला पहिला सर्वांत बळकट. म्हणून पुढच्या बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत एकच वाक्य बोला, तेही तुमच्या हिशेबातल्या आकड्याचे. भीती गेल्यावर बोलू म्हणाल, तर तो मुहूर्त उगवायचा नाही. छाती धडधडली की आपल्याला येत नाही असा अर्थ आपण लावतो. मला मात्र निवृत्तीपर्यंत दर जूनमध्ये पहिल्या तासाला कंप सुटे, एकदा तर खडू दोनदा हातातून पडला.

मांडवीचा वाचक:
मास्तरांचे पटते, पण अर्धेच. बोलणे सरावाने सुधारेल, उणेपणाचे काय? समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली आत्मसन्मान मोजण्यासाठी दहा विधाने तयार केली. त्यांच्या मते आत्मसन्मान म्हणजे इतरांहून सरस असणे नव्हे, आपण पुरेसे आहोत असे वाटणे. तुम्ही मात्र पुण्याच्या मापाने स्वतःला मोजता आहात. कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याचा महाराज सयाजीराव झाला, तेव्हा राजवाड्यातली भाषा आणि रीत त्याला नव्याने शिकावी लागली. राज्याची सूत्रे १८८१ अखेर हाती आली. (त्यांच्या दिमतीला शिक्षक होते, आपल्याला कुठले, हे मान्य.) आणखी एक: झोप-भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोला.

दांडियाबाजारकर:
झोप व्यवस्थित आहे. काल बैठकीत बोलले, आवाज कापला, आकडा बरोबर निघाला. ओघात ‘बारी’ही म्हणाले, परंतु इथे हसणार कोण, म्हणून ते जमेस धरत नाही. गुरुवारी पुण्याच्या शाखेबरोबर फोनवर बैठक आहे. पहिला आकडा मीच सांगणार आहे.